लेकाकडे बोटीने

रत्नागिरीत बोटीचं कुणाला अप्रूप नाही. राजिवड्यात, मिरकरवाड्यात, वर दाभोळ-हर्णैपर्यंत कित्येक घरांतली माणसं पिढ्यान् पिढ्या 'बोटीवर' होती. मी बँकेत असताना त्यांच्या अलॉटमेंटचे, म्हणजे पगारातून घरी लावून दिलेल्या वाट्याचे, पैसे दर महिन्याला माझ्याच टेबलावरून घरोघरी जायचे. पण बोटीवर असणं म्हणजे नोकरी. पैसे मोजून, चार बरे कपडे घेऊन, नुसतं बसायला बोटीवर जाणारं माणूस आमच्या आळीत कुणी पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मला तेच करायचं होतं, आणि तेही जुन्या धाटणीच्या बोटीवर. जेवायला ठरलेलं टेबल, संध्याकाळी नीटनेटके कपडे घालून उतरणारी माणसं, मोठं वाचनालय, आणि चहूकडे पाण्याखेरीज काही नसलं तरी त्यात कुणाला उणं वाटत नाही, अशी बोट.

ह्यांना हे खूळ वाटलं. ह्यांचं आजोळ हर्णैचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची, डेकवर सतरंजी पसरून जागा अडवायची, शेजारच्याची ट्रंक उशाला. कुणी लिंबू हुंगतंय, कुणी कठड्याला टेकून मोकळं होतंय. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगरायची आणि हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं ह्यांच्या तोंडून आजही मायेने येतात, पण पोटात ढवळल्यासारखा चेहरा करूनच. "सुटलो त्यातून एकदाचे. कोकण रेल्वे कशाला आणली मग?"

सासूबाईंचं कारण निराळं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेंहून अधिक माणसं गेली. तेव्हा त्या लहान होत्या, पण घरातली त्या दिवसाची रडारड त्यांना आठवते. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात पाऊल टाकायचं नाही, यावर त्या वाद ऐकूनच घेत नाहीत.

सुरुवात अर्थातच मुंबईपासून केली. इथून सुटणारी बोट म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस': गोवा, लक्षद्वीप, कोची. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने चालू झालेली आणि २०२१ पासून आपल्याकडे चालणारी. व्हिसाची भानगड नाही, शाकाहारी जेवणाची चिंता नाही. नणंदेची मुलगी जाऊन आली, तिच्या व्हिडिओंत गाणी, नाच, तलावाभोवती पोरांचा दंगा. दोन-तीन रात्रींची मजा म्हणून छानच, आणि आपलं पोट लाटा सोसतं का ते पारखायलाही बरी. मला हवी होती ती चीज मात्र वेगळी.

मग मुंबईच्या एका ट्रॅव्हलवाल्याने सिंगापूरहून सुटणाऱ्या अवाढव्य बोटींची पत्रकं धाडली. घसरगुंड्या, चढायच्या भिंती, पंधरा-वीस खाणावळी. "आँटी, बोट नाही, पूर्ण शहर आहे हे!" तो कौतुकाने म्हणाला. शहरात राहायचं असतं तर मी पुण्याला फ्लॅट घेतला असता.

पण त्या पत्रकांनी एक काम केलं. आकड्यांची खोड बँकेपासूनची, म्हणून मी प्रत्येक बोटीचं ग्रॉस टनेज आणि प्रवासीसंख्या वहीत उतरवायला लागले. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की एका माणसाच्या वाट्याला किती ऐसपैसपणा येतो याचा अंदाज लागतो. २०२४ साली आलेली 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ अडीच लाख टनांची, पण एका खोलीत दोघं धरली तरी तिच्यावर ५,६१० माणसं. भागाकार ४४ च्या आसपास. क्यूनार्ड कंपनीची 'क्वीन मेरी २' सुमारे दीड लाख टनांची, माणसं २,७०० च्या आतबाहेर. भागाकार ५५. वायकिंग कंपनीच्या बोटी छोट्या, ९३० प्रवाशांच्या, तरी भागाकार पन्नासच्या वर. बोट मोठी म्हणजे जागा जास्त असं मुळीच नाही, हे त्या वहीने मला दाखवलं. हा भागाकार पत्रकात कुणी छापत नाही, आपणच करायचा.

ह्यांनी तोवर नकाशा उघडून स्वतःचा पक्ष मांडला होता. बोटीने जायचंच असेल तर भूमध्य समुद्रात जाऊ, रोज नवं गाव: बार्सिलोना, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. ऐकायला फार चांगलं. पण बोट रोमला जातच नाही. ती लागते चिविताव्हेक्किया नावाच्या बंदरात, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचं आणि तेवढंच अंतर पुन्हा बसने. म्हणजे सकाळी घाईघाईने नाश्ता, दीड तास बस, छत्री धरलेल्या बाईमागे पळत दोन चर्च, परत दीड तास बस, आणि संध्याकाळी बोट सुटायच्या आत हजर. ह्यांच्या गुडघ्यांनी हे दिवसाआड केलं असतं, रोज नाही. आणि मार्गात तुर्कस्तान आलं की युरोपचा शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, कारण बोट मधेच बाहेर पडून परत आत शिरते.

वायकिंगवर मात्र माझं मन बरेच दिवस अडकलं. अठरा वर्षांखालचं कुणी नाही, कॅसिनो नाही, आरडाओरडा नाही. पण तिचे मार्गही बहुतेक बंदराबंदरांचेच, आणि भाडं पाहून ह्यांनी चष्मा काढून पुसला.

असा गुंता झाला असताना मुलाचा फोन आला. नातवाची शाळा जूनच्या शेवटी सुटते, तेव्हा या. तिकिटं काढू का? अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे होताच. सोळा तास विमानात पाय दुमडून बसायचं या विचारानेच ह्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, लंडनपर्यंत विमानाने जाऊ, साउदॅम्प्टनहून न्यू यॉर्कपर्यंत बोटीने. एवीतेवी जायचंच आहे. "किती पडतील?" एवढंच ह्यांनी विचारलं. आमच्या घरात हा अर्धा होकार असतो.

उरलेला अर्धा होकार मिळवून दिला तो शेजारच्या चाचांनी. चाचा पी अँड ओपासून पुढे बऱ्याच कंपन्यांत डेकवर होते, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. जुन्या काळी त्या बोटींवर डेकवर आपल्या कोकणातले खलाशी आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण वाढायला, गोव्याचे, अशी वाटणीच असायची. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. टनेजचा भागाकार त्यांनी बघितला न बघितला. त्यांचा प्रश्न एकच: "मॅडम, पाण्याखाली किती आहे?"

पाण्याखाली 'क्वीन मेरी २' दहा मीटरच्या वर आहे. सहलीच्या बोटी इतक्याच लांब-रुंद असल्या तरी साधारण याहून उथळ असतात, कारण त्यांना लहान बंदरांत शिरायचं असतं. ही २००४ पासून चालते आहे, फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलेली. आणि ठरलेल्या वेळापत्रकाने अटलांटिक ओलांडणारी 'लायनर' म्हणावी अशी आज तेवढी एकच उरली आहे. पुढचा नाळेचा भाग लांब निमुळता, पत्रा जाड, वेग ३० नॉटपर्यंत जाऊ शकणारा. रोजच्या प्रवासात तो इतका लागत नाही, पण वादळाने उशीर झाला तर भरून काढायला हाताशी असतो. चाचांना हे पटलं. "सहलीची बोट वारा बघून वाट बदलते. ही जाणारच. हिला रस्त्यात दुसरं कामच नाही."

दुसरं काम नाही, हेच ह्यांच्या गळी उतरेना. सात रात्री, आणि मधे एकही बंदर नाही! "बघायचं काय मग?" यावर मी एक उपाय केला. बोटीवर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद खोलीत येतो. आधी जाऊन आलेली माणसं हे कागद इंटरनेटवर टाकतात. त्यातले भर समुद्रातल्या दिवसांचे मी छापून आणले आणि ह्यांच्या हातात पेन दिलं. आपण खरंच जाऊ त्यावर खूण करा म्हटलं. सकाळचं खगोलशास्त्राचं व्याख्यान, खूण. तारांगण, खूण, बोटीवर तारांगण असतं हे ह्यांना खरंच वाटेना. पत्त्यांतलं ब्रिज, खूण. दुपारी साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा देतात, तिथे दोन खुणा. नाचाचे धडे, खूण नाही. सातव्या डेकवर बोटीला पूर्ण वळसा घालून चालता येतं, आणि पळत्या मुलांच्या घसरगुंड्या कुठेच नाहीत.

कुणी मला जुन्या पद्धतीची बोट निवडण्याबद्दल विचारलं तर मी हाच कागद पुढे करीन. बंदरांची यादी कुणालाही भुलवते. जमीन न दिसणाऱ्या दिवसाच्या कागदावर चार-पाच खुणा झाल्या नाहीत, तर त्या माणसाने विमानाने जावं आणि उरलेल्या पैशांत चांगल्या हॉटेलात राहावं. यात कमीपणा काही नाही.

दिशा ठरवायला फारसा वेळ लागला नाही. न्यू यॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे. पश्चिमेकडे जाताना बोटीवर पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. उलट येताना तेच तास हातचे जातात. आम्हाला जायचंच पश्चिमेला होतं. विमानाने गेल्यावर पहिला आठवडा ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कोलमडतात. इथे त्या हळूहळू सरकवता येतील.

महिन्याचा मात्र काथ्याकूट झाला. मे संपेपर्यंत ह्यांना कलमं सोडून हलता येत नाही, शेवटची पेटी गेल्याशिवाय नाहीच. गणपतीला घर बंद ठेवणं शक्य नाही. उरतात जून-जुलै, म्हणजे नेमका सासूबाईंचा मज्जाव असलेला काळ. इथेही चाचाच धावून आले. त्यांनी ओटीवर बसून सासूबाईंना समजावलं: आपला समुद्र उधाणलेला असतो तेव्हा तिकडचा त्यातल्या त्यात निवलेला असतो. उत्तर अटलांटिकची खरी वादळं हिवाळ्यात, आणि सप्टेंबरच्या सुमारास खालून येणाऱ्या चक्रीवादळांचा जोर. जून-जुलैत त्रास असलाच तर धुक्याचा. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह एकमेकांना भिडतात, तिथे दाट धुकं बसतं आणि बोट भोंगा वाजवत जाते. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "जा. नारळ मी मांडवीला सोडेन." परवानगी मिळाली. जूनच्या उत्तरार्धातली फेरी धरली. भातलावणी सुरू व्हायची तेव्हा आम्ही नसू, ते गडीमाणसांवर आणि दिरांवर सोपवलं.

मला स्वतःला जे विचारायचं होतं ते मी विचारून घेतलं. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेलीच नव्हती, कारण नियमाने चोवीस तासांची सवड होती. आता ती कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. 'रामदास'च्या गोष्टी ऐकून वाढलेल्या घराला एवढी चौकशी करणं भागच होतं.

मग खोली. इथे ट्रॅव्हलवाला आणि मी यांच्यात बरीच झटापट झाली. त्याला आम्हाला जितक्या वरच्या मजल्यावर, जितक्या मोठ्या बाल्कनीत घालता येईल तितकं घालायचं होतं. चाचांनी टेबलावरची फूटपट्टी तर्जनीवर तोलून दाखवली: टोकं वरखाली होतात, मधली जागा हलत नाही. "मधोमध घ्या, आणि खाली घ्या. नाळेकडची खोली फुकट दिली तरी नको." बाजूने हेलकावणं रोखायला आधुनिक बोटींच्या पोटाला पंख असतात, पण नाळ वर उठून खाली आपटते त्यावर पंखांचा इलाज नाही, असं ते म्हणाले.

या बोटीवर चौथ्या, पाचव्या, सहाव्या डेकच्या मधल्या खोल्यांना ज्या बाल्कन्या आहेत, त्या बोटीच्या पोलादी अंगातच झरोके पाडून केलेल्या आहेत. खुर्चीत बसलं की समोर पत्रा, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. पत्रकातल्या काचेच्या कठड्याच्या बाल्कन्या दिसायला सुंदर, पण त्या वर. आणि अटलांटिकचा वारा सोसाट्याचा. पत्र्याच्या आडोशाला शाल गुंडाळून तरी बसता येईल. आठव्या डेकवरच्या काही बाल्कन्या स्वस्त मिळतात, कारण समोर जीवनरक्षक होड्या टांगलेल्या असतात. खोलीचा क्रमांक घेऊन डेकचा नकाशा उघडल्याशिवाय कुणीही होकार देऊ नये.

डावी बाजू की उजवी, यात मला वाटलं नव्हतं इतकं तथ्य निघालं. पश्चिमेला जाताना डावी बाजू दक्षिणेकडे, म्हणजे उन्हाची. आणि न्यू यॉर्कच्या बंदरात शिरताना स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही डाव्या हाताला येतो. पाचवा डेक, मधोमध, डावी बाजू: हे ठरलं. सगळ्यांत स्वस्त भाड्यात खोलीचा क्रमांक कंपनी देते, आपल्याला निवडता येत नाही. आम्ही वरचे पैसे भरून क्रमांक निवडला आणि त्याऐवजी पेयांचं पॅकेज सोडलं. दोघांपैकी कुणी पीत नाही, चहा-पाणी भाड्यातच आहे.

पैशांबद्दल एवढंच सांगते. पहिल्या कोटेशनमध्ये बंदराचे कर आणि बक्षिशी धरलेलीच नव्हती. बक्षिशी माणशी, दररोज, आपोआप खात्याला लागते आणि ती डॉलरमध्ये असते. वायफाय वेगळं, बोटीवरच्या डॉक्टरची फी वेगळी आणि भरपूर. म्हणून विमा घेताना त्यात बोटप्रवास आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च आहे का हे मी कलम वाचून पाहिलं. पहिल्या विमा पॉलिसीत नव्हता, ती परत केली. परदेशी सहलीच्या पैशांवर टीसीएस म्हणून आगाऊ कर कापला जातो तो खर्चात धरू नये, विवरणपत्र भरताना तो वळता होतो.

कागदपत्रांत ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा तेवढा नवा काढायचा होता. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला एक हेलपाटा झाला. लंडनला दोन दिवस आधी पोचतो आहोत. विमानाला उशीर झाला तर पुढचं विमान मिळतं, बोट थांबत नाही. परतीचं विमानाचं तिकीटही काढून ठेवलं, बोटीने एकेरी उतरलेल्या माणसाला अमेरिकेचा अधिकारी पहिलं तेच विचारणार. ह्यांना नातवासाठी हापूसची पेटी न्यायची होती. ताजी फळं तिथल्या कस्टम्सवाल्यांना चालत नाहीत, हे समजावताना ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

कपड्यांची मला सगळ्यांत जास्त मजा आली. संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बऱ्याच भागात नीट पोशाख लागतो, आणि प्रवासात दोनेक रात्री खास थाटाच्या असतात. डिनर जॅकेट शिवायचं की काय म्हणून ह्यांचा जीव वरखाली. विचारून घेतलं, तर आपापला राष्ट्रीय पोशाख चालतो असं उत्तर आलं. ह्यांचा मुलाच्या लग्नातला बंदगळा थोडा सैल करून घेतला. माझ्या दोन पैठण्या. प्रवाशांना स्वतः कपडे धुवून इस्त्री करता येईल अशी सोय बोटीवर फुकट आहे, हे वाचून मी आणखी एक सुती साडी बॅगेत टाकली.

जेवणाच्या दोन पंगती: एक सहाची, एक साडेआठची. सहा वाजता आमचा दुपारचा चहा जेमतेम जिरलेला असतो, तेव्हा साडेआठची घेतली. टेबल मात्र मी आठ जणांचं मागितलं आहे. ह्यांना दोघांचंच हवं होतं, अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलायचा कंटाळा. सात रात्री एकमेकांचंच तोंड बघत जेवायचं, तर एवढे पैसे भरून अटलांटिकवर कशाला जायचं?